पेनड्राइव्हची झडती

आमच्या घरातले कागद व्हायरसने खाल्ले, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. चाळीत सांगितलं, ऑफिसात सांगितलं, बाबांच्या गिरणीतल्या जुन्या माणसांना तर हात जोडून सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते कळलं त्या दिवशी मला असा संताप आला की हातातला चहाचा कप मी बशीत आदळला. त्याला आता बरीच वर्षं झाली. तो संताप गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. संप मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही, तो नुसता विरत गेला. काही माणसांना परत कामावर घेतलं, बाबांना घेतलं नाही. मग त्यांनी परळच्या एका शाळेत शिपायाची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथली घंटा वाजवली. मी टायपिंग शिकून फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात लागले. तिथे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, मला ते जमलं, आणि पुढे एक दिवस मी दादरच्या एका दुकानातून घरीही एक जुना कॉम्प्युटर आणला.

तो खाटेच्या पायथ्याशी, देवाच्या फळीखाली बसला. आईने जुन्या साडीचं त्याला झाकण शिवलं. आठवड्याभरात तो आमचा राहिला नाही, मजल्याचा झाला. आमच्याकडे दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. दार लोटलेलं दिसलं तर शेजारी विचारायला यायचे, कोण आजारी आहे का. त्यामुळे ज्याला जे हवं ते घेऊन तो सरळ आत. कुणाला मुलीच्या स्थळासाठी माहिती टाईप करून हवी, कुणाला भजनी मंडळाचं निमंत्रण, कुणाच्या मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट. येताना प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह. कुठून कुठून फिरून आलेला, टोपण हरवलेला, दोऱ्याला बांधलेला.

व्हायरसची भीती मला ऑफिसमुळे माहीत होती. आमचे वकील बाहेरचा पेनड्राइव्ह कुणाला लावू देत नसत. म्हणून मी दादरच्या त्याच दुकानदाराला विचारलं, तर त्याने एक सीडी काढून दिली. डबी नाही, कागद नाही, वर मार्करने नाव खरडलेलं. फुल व्हर्जन आहे, मॅडम, आता झोपा निवांत, असं तो म्हणाला. मी झोपले निवांत. कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यात हिरवी ढाल यायची आणि मला बरं वाटायचं. त्या ढालीला रोज नव्या चोरांची माहिती पुरवावी लागते, ती इंटरनेटवरून येते, आणि आमच्या घरी इंटरनेटच नाही, हे त्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यातून ती सीडीच चोरीची होती. चोराकडून कुलूप विकत घ्यावं आणि दार बंद आहे म्हणून मिरवावं, तसं माझं झालं.

त्याच सुमाराला गिरणी कामगारांना घरं मिळणार, अर्ज भरायचे, अशी हाकाटी झाली. अर्जाबरोबर पुरावा हवा. कुठल्या गिरणीत होता, कुठल्या खात्यात, तिकीट नंबर काय, त्याचा कागद. बाबांच्या गिरणीचं रजिस्टर गहाळ झालं होतं. कुणी म्हणे जळालं, कुणी म्हणे भिजलं, कुणी म्हणे रद्दीत गेलं. माणसांनी उभं आयुष्य ज्या जागेत काढलं त्या जागेला त्यांची नावंसुद्धा सांभाळता आली नाहीत. आणि वर पुरावा आणा म्हणून तीच माणसं दारोदार. मला तेव्हाही चीड यायची, अजूनही येते.

बाबांनी मग एक काम हाती घेतलं. आपल्या खात्यातल्या माणसांची यादी करायची आणि ज्याच्याकडे जो चिटोरा असेल तो गोळा करायचा. यादी कशी करायची, तर संध्याकाळी खाटेवर बसून ते डोळे मिटायचे आणि साचेखात्यात शिरायचे. दारातून आत, उजव्या हाताची पहिली रांग. पहिल्या साच्यावर कोण, त्याचं गाव कुठलं, त्याच्या शेजारी कोण, मधल्या बोळातून तेल घालायला कोण फिरायचा. एक रांग संपली की वळायचे आणि परत यायचे. मी टाईप करत राहायची. मध्येच ते थांबायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे की हा साचा बंद असायचा, पुढे चल. आयुष्यात मी पुष्कळ डिक्टेशन घेतलं, असं कुणाचंच घेतलं नाही.

चिटोरे मी ऑफिसात स्कॅन करायची. पगाराच्या पावत्या, विम्याची कार्डं, गेटपास, सोसायटीच्या पुस्तकाची पानं. वकीलसाहेबांची परवानगी होती, पण खासगी फाईल ऑफिसच्या मशीनवर ठेवायची नाही हा नियम. मी नियमाने वागणारी बाई. घरी आणायची, घरच्या कॉम्प्युटरवर टाकायची, आणि ऑफिसातलं पुसून टाकायची. 'साचेखाते' नावाचा एक फोल्डर झाला. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

त्या फोल्डरमध्ये काकांचा कागद होता. काका म्हणजे बाबांचे शेजारच्या साच्यावरचे जोडीदार, मालवणकडचे. संपानंतर गावी गेले, तिथे भागेना म्हणून परत आले, आणि रे रोडला लाकडाच्या वखारीत वॉचमन राहिले. तिथल्या शेठने त्यांना सांगितलं होतं की सुटताना हमालांची अंगझडती घ्यायची. काका फाटकाशी उभे राहून दुसरीकडे बघायचे आणि म्हणायचे, जा. वर्षभराने त्यांना काढलं. लग्नाची बायको गावी, आणि हे इथे लालबागला गावकीच्या सामाईक खोलीत, आपल्या एका ट्रंकेच्या जागेत पंधराजणांबरोबर राहायचे. मुंबईत स्वतःचं दार असलेली खोली त्यांना कधी मिळाली नाही. म्हातारीला एकदा आणून ठेवायची आहे, एवढंच त्यांचं म्हणणं असे. त्यासाठी त्यांच्याकडे कागद एकच होता, संपाच्या आदल्या महिन्यातली पगाराची पावती, तिकीट नंबरसकट.

मी ती स्कॅन करून परत दिली. त्यांनी ती जपून ठेवायला म्हणून गावी नेली आणि माळ्यावर पेटीत ठेवली. चार महिन्यांनी पेटी उघडली तर वाळवीने कागदाची माती केली होती. काका घाबरले नाहीत. बायच्या मशिनीत आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं म्हणे.

अर्जाची मुदत संपायला आठवडा होता तेव्हा ते एका रविवारी सकाळी आले. फणसवाडीत त्यांच्या पुतण्याचं झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तिथला पेनड्राइव्ह त्यांनी आणला होता, रुमालात बांधून. म्हणाले, "बाय, माझो तो कागद ह्येच्यात घालून दी. पुतणो छापून देतलो."

त्या दुकानात दिवसाला शंभरजण आपापला पेनड्राइव्ह खुपसत असणार हे मला कळत होतं. माझा स्वतःचा पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. मी म्हटलं, काका, माझाच घेऊन जा. बाबा म्हणाले, त्याने आणलाय ना? मग मी म्हटलं, बरं, थांबा, आधी तपासून घेते. काकांनी विचारलं, काय तपासतंस? मी गमतीत बोलून गेले, "आत काय लपवून आणलंय का ते बघायचं असतं."

काका हसले. हसता हसता त्यांचे दोन्ही हात कोपरापासून जरासे वर आले आणि तसेच राहिले. बाबांनी ते पाहिलं. ते खाटेवरून उठले.

"माझ्या घरात ह्याची झडती घ्यायची नाय," ते म्हणाले.

मी समजवायला गेले की बाबा, ही माणसाची झडती नाही, ह्या वस्तूची आहे. ते म्हणाले, गिरणीत डब्याची पण घ्यायचे, चपलांची पण घ्यायचे. वस्तू कुणाची असते?

मी पुढे हट्ट धरला नाही, कारण गिरणीच्या फाटकातला एक दिवस मी पाहिलेला होता. संपाच्या दोन-एक वर्षं आधी, मी आठ वर्षांची असेन. पहिली पाळी तीनला सुटायची आणि मी शाळेतून येताना गिरणीच्या फाटकासमोर बाबांची वाट बघायची. कामगार रांगेने बाहेर यायचे. प्रत्येकाने हात वर करायचे, फाटकावरचा जमादार काखेपासून कमरेपर्यंत चाचपायचा, डबा उघडून बघायचा आणि मानेने जा म्हणायचा. रोज. तो माझ्या बघण्यातला भाग होता, मला त्यात काही वाटत नसे. त्या दिवशी बाबांच्या खिशात सुताचा बोळा सापडला. साच्याला तेल-पाणी केल्यावर हात पुसायला वापरतात तो, काळा झालेला, मळका. खिशात राहून गेला होता. त्याची किंमत काय, तर काही नाही. जमादाराने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि बाबांना फाटकाशी बाजूला उभं केलं. तासभर. पुढची पाळी आत जाताना बघत गेली. मी समोरच्या फूटपाथवरून बघत होते. बाबांनी मला पाहिलं आणि मान वळवली.

काका त्यांच्या मागेच रांगेत होते. त्यांची झडती झाली, काही निघालं नाही, ते मोकळे झाले. पण ते गेले नाहीत. बाबांच्या शेजारी जाऊन डबा हातात घेऊन उभे राहिले. जमादार ओरडला असावा, काका हलले नाहीत. तासभर दोघे तिथे उभे होते, एकमेकांशी एक शब्द न बोलता.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या वयात डोळ्यांनी पाहिलं. एका बोळ्यासाठी माणसाला तासभर उभं केलं. आणि पुढे साचे गेले, जमीन गेली, चिमणीसकट अख्खी गिरणी त्याच फाटकातून बाहेर गेली, तेव्हा कुणी हात वर केले होते? कुणाचा खिसा चाचपला?

तर मी पेनड्राइव्ह न तपासता लावला. काकांचा कागद शोधला, त्यात घातला, त्यांना दिला. ते चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा निरोप आला की पेनड्राइव्हमध्ये काही उघडत नाही, सगळ्या फाईलींवर बारीक बाण आले आहेत, म्हणून त्याने तो पुसून कोरा केला. मी घरचा कॉम्प्युटर लावला. 'साचेखाते' फोल्डरच्या जागी तसाच एक बाण. दाबला की इंग्रजीत काहीतरी चूक असल्याचं सांगायचा आणि बंद व्हायचा. सगळीकडे बाण. कोपऱ्यात ढाल हिरवीगार.

मुदतीला पाच दिवस होते. मी ऑफिसला दांडी मारली, मशीन चादरीत गुंडाळलं आणि टॅक्सीत घालून दादरला त्या दुकानात नेलं. दुकानदाराने ते लावलं, दोन ठिकाणी क्लिक केलं, आणि म्हणाला, "सगळं गेलं, मॅडम. फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हटलं, आत फार महत्त्वाचे कागद आहेत, एका माणसाचं घर आहे त्यात. तो म्हणाला, मॅडम, जे गेलं ते गेलं, आता मशीन तरी वाचवा. मी तुमची सीडी घातली होती, असंही म्हटलं. त्यावर तो म्हणाला की तुम्ही पेनड्राइव्ह न तपासता लावला असणार. मी मान हलवली आणि हो म्हटलं. अर्ध्या तासात त्याने पाटी कोरी करून दिली आणि वर तीच सीडी पुन्हा घातली.

घरी आले तर काका दारातच बसले होते. मी सांगितलं, व्हायरसने खाल्लं. काका म्हणाले, गावाक वाळवी, हय व्हायरस, माझो कागद भारीच गोड असतलो. आम्ही हसावं म्हणून ते बोलले. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बाबा काकांबरोबर अर्जाच्या कचेरीत गेले, मीही गेले. बाबांनी खिडकीतल्या माणसाला सांगितलं की हा माझ्या शेजारच्या साच्यावर होता, मी ओळखतो, ह्याचा तिकीट नंबर मला पाठ आहे. आणि नंबर म्हणून दाखवला. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला की आजोबा, मला पटतंय, पण मला कागद लागतो. मुदत संपली. बाकीच्यांकडे आपापले मूळ कागद होते, काकांचा तेवढा अर्ज गेला नाही.

आई तेवढी माझ्यावर चिडली, आणि बरोबर चिडली. ती शिकलेली नव्हती. ती म्हणाली, "विरजणसुद्धा मी वाटीभर शेजारी देऊन ठेवते. आपलं नासलं तर तिच्याकडचं असतं. तुला एवढ्या माणसांचे कागद एकाच भांड्यात ठेवायला कोणी शिकवलं?" कॉम्प्युटर सांभाळण्याबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं, त्यात ह्याहून शहाणपणाचं मला काही सापडलं नाही.

बाबा मात्र कुणावर चिडले नाहीत. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. माझ्या हट्टापायी त्याची खोली गेली, एवढं एकच वाक्य त्यांनी त्या वर्षात पाच-सहा वेळा म्हटलं. यादी पुन्हा करायला बसले, डोळे मिटून आत शिरले, पण आता रांगेत मधली माणसं दिसेनात. चार साचे म्हणायचे आणि पाचव्याशी थांबायचे. काका यायचे तेव्हा बाबा त्यांच्याकडे बघून बोलायचे नाहीत, कपाकडे बघून बोलायचे. पस्तीस वर्षांची जोडी, आणि मध्ये माझं ते मशीन येऊन बसलं.

असं वर्ष गेलं. मग एक दिवस ऑफिसात एका अशिलाने स्वतःच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, त्यात सगळीकडे बारीक बाण. मी म्हटलं, गेलं, हे सगळं खाल्लं. आमच्याकडे कॉम्प्युटरची देखभाल करायला एक गृहस्थ महिन्यातून एकदा यायचे, ते नेमके तिथे होते. ते म्हणाले, खाल्लं कुठे? लपवलंय फक्त. त्यांनी एका ठिकाणी खूण केली, दुसऱ्या ठिकाणची काढली, एक ओळ टाईप केली. सगळ्या फाईली जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडे बघितलं, दोन मिनिटं झाली होती, हातातला चहा अजून गरम होता. मी विचारलं, फॉरमॅट मारायला नको? ते हसले आणि म्हणाले की घरात माणूस दिसत नाही म्हणून कोणी घर पाडतं का?

तो कप बशीत आदळला तो तेव्हा.

म्हणजे काकांचा कागद होता. मुदतीला पाच दिवस होते तेव्हा तो आमच्या मशीनमध्ये, आमच्या खोलीत, देवाच्या फळीखाली धडधडीत होता. चादरीत गुंडाळून टॅक्सीतून मी तो दादरला नेला आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसून घेतला. व्हायरसने नुसता पडदा ओढला होता. कागद मारला तो माणसाने, कारण त्याला दोन मिनिटं शोधायचा कंटाळा होता आणि 'सगळं गेलं' म्हणणं सोपं होतं. रजिस्टर गेलं, गिरणी गेली, संप गेला, आम्हाला प्रत्येक वेळी कुणीतरी काउंटरपलीकडून सांगितलं आणि आम्ही प्रत्येक वेळी मान हलवून घरी आलो. एकदा तरी म्हणायचं होतं, दाखवा, कुठे गेलं ते दाखवा.

मी त्याच संध्याकाळी घरून ती सीडी उचलली आणि दादरला गेले. दुकानात गर्दी होती, मी गर्दीसमोर बोलले. ती सीडी चोरीची होती, ती ढाल आंधळी होती, तुम्ही शोधलं नाही, आणि तुमच्यामुळे एका म्हाताऱ्याला घर मिळालं नाही. आवाज माझा चांगलाच चढला होता. दुकानदाराला मी आठवतसुद्धा नव्हते. तो म्हणाला, मॅडम, तेव्हा सगळेच फॉरमॅट मारायचे. मी विचारलं, ते कागद परत काढता येतील का? तो म्हणाला, वर्षभर त्याच्यावर नवं लिहिलंय, आता कसले येणार? एवढं मात्र त्याने खरं सांगितलं. मी ती सीडी त्याच्या काउंटरवर मोडली आणि निघून आले. त्यातून काही साधलं नाही, पण त्याचा मला पश्चात्तापही नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचं ओझं उतरेल. त्या दिवशी तुम्ही झडती घेऊ दिली असती तरी काही सापडलं नसतं, बाबा, आमचा जमादारच आंधळा होता, असं मी म्हटलं. तुमच्यामुळे काही झालं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे कागद होता तिथेच?" मी हो म्हटलं. ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

पुढे मी इंटरनेट घेतलं, खरं अँटीव्हायरस पावती करून घेतलं, ते रोज नवं होतंय की नाही ते बघायची सवय लावून घेतली. पेनड्राइव्ह लावला की आतलं आपोआप चालू होतं ते बंद करून टाकलं. आणि त्यानंतर जे काही कागद पुन्हा जमा झाले त्यांच्या सीडीवर तीन प्रती केल्या. एक आमच्याकडे, एक शेजारच्या काकूंच्या कपाटात, एक वरळीला मावशीकडे. आई त्याला विरजणच म्हणायची. शेजारच्या काकू आपली सीडी कपाटातल्या हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवायच्या.

काका मधल्या काळात स्वस्थ नव्हते. अर्ज पुन्हा कधीतरी उघडतील, असं कुणीतरी म्हणालं होतं. काकांकडे स्वतःचा कागद नव्हता, तर ते दुसऱ्यांचे गोळा करत फिरत होते. वरळीच्या बीडीडी चाळीत जायचे, गावी गेले की वाडीवाडीत जायचे. पावती असेल तर पुतण्याकडे नेऊन स्कॅन करायचे. माझो गेलो, दुसऱ्याचो जावूक नको, असं लोकांना सांगायचे. हे आम्हाला नंतर कळलं.

एका रविवारी ते आले. तोच रुमाल, त्यात पेनड्राइव्ह. बाबा खाटेवर होते. दार नेहमीसारखं सताड उघडं होतं, पण काका आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले, हात लांब करून रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पयली झडती घे, बाय. मगच लाव. मी हयच रवतंय."

मी म्हटलं, काका, आत येऊन बसा. ते नको म्हणाले, होऊन जाऊ दे आधी. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं ते पुन्हा उठून म्हणतील, माझ्या घरात नाही. ते उठले. भिंतीला धरून, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, पण काही म्हणाले नाहीत. माझ्या बाजूने बाहेर गॅलरीत गेले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले.

मी पेनड्राइव्ह लावला आणि तपासणी सुरू केली. आत फाईली बऱ्याच होत्या, बावीस माणसांचे कागद. पट्टी हळूहळू सरकत होती. बाहेर ते दोघे कठड्याला टेकून उभे होते, एकमेकांशी एक शब्द न बोलता. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, असे का उभे? मला त्या पट्टीचा, त्या पेनड्राइव्हचा, स्वतःच्या शहाणपणाचा राग राग आला. माझं बरोबर होतं आणि तरी मला जमादारासारखं वाटत होतं. पट्टी शेवटाला गेली.

"काही सापडलं नाही, काका," मी म्हटलं. "या आत."

काका उंबरा ओलांडून आले, खाटेच्या कडेला बसले आणि रुमालाची घडी घालता घालता म्हणाले, "गिरणीत पण माझ्याकडे कधी काय गावूक नाय."